घरचा डीजे सेटअप वाढवताना आधी काय घ्यावं

दोन चॅनलचा कंट्रोलर, घरातला लॅपटॉप, मोबाइलसाठी घेतलेला हेडफोन आणि ब्लूटूथवर चालणारा एखादा पार्टी स्पीकर. घरी बसून डीजेचं काम शिकणाऱ्या अनेकांची सुरुवात आज अशी होते. कंट्रोलर बहुधा पायोनियर डीजेचा २०१८ मध्ये आलेला डीडीजे-४०० किंवा त्याची जागा घेणारा डीडीजे-एफएलएक्स४ असतो, नाहीतर न्यूमार्क किंवा हर्क्युलिसचा एखादा. वर्षभरात हात बसतो, बीट जुळायला लागते, मित्राच्या हळदीत तासभर वाजवून होतं. मग प्रश्न पडतो, आता पुढे काय घ्यायचं?

दुकानात याचं उत्तर ठरलेलं असतं: मोठा कंट्रोलर. चार चॅनल, मोठी जॉग व्हील्स, जास्त पॅड, जमलं तर स्क्रीन. माझं मत याच्या उलट आहे. पहिला पैसा कानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजावर घालावा, दुसरा गाण्यांच्या साठ्यावर, आणि हाताखालचं यंत्र सर्वांत शेवटी बदलावं. डीजेचा प्रत्येक निर्णय कानावरून होतो. ऐकू येतंय तेच चुकीचं असेल तर महागड्या यंत्रावरही तीच चूक जास्त सफाईने होत राहते.

सुरुवातीचं यंत्र आपल्याला वाटतं तितकं तोकडंही नसतं. हिप-हॉपचा जन्म जिथून मोजतात त्या ११ ऑगस्ट १९७३ च्या ब्रॉन्क्समधल्या पार्टीत डीजे कूल हर्ककडे टर्नटेबल होते आणि रेकॉर्ड होत्या. हॉट क्यू नव्हते, लूपचं बटण नव्हतं, बीटचा आकडा दाखवणारा पडदा नव्हता. गोव्यात हणजूण-वागातोरच्या पट्ट्यात डीजे गोवा गिल डीएटी या डिजिटल टेपांवर रात्र रात्र वाजवत असे. एफएलएक्स४ मध्ये प्रत्येक चॅनलला तीन पट्ट्यांचा ईक्यू आहे, फिल्टर आहे, आठ पॅड आहेत, साऊंड कार्ड आतच आहे. त्याच्या सगळ्या शक्यता सहा महिन्यांत वापरून झाल्या असं म्हणणाऱ्याने एक गोष्ट करून बघावी: तासाभराचा सेट रेकॉर्ड करायचा, दोन दिवस तो ऐकायचा नाही, आणि तिसऱ्या दिवशी चालताना किंवा लोकलमध्ये ऐकून खटकलेल्या जागा लिहून काढायच्या. यादीत साधारण हेच येतं: बीट घसरली, दुसरं गाणं आलं तेव्हा आवाज एकदम वाढला, दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर चढले, एक गाणं फार लवकर काढलं, सुरांचा मेळ बसला नाही. यातली एकही गोष्ट तिसऱ्या-चौथ्या चॅनलने सुधारत नाही.

पहिली खरेदी हेडफोनची. डीजेला बाहेर एक गाणं चालू असताना कानात दुसरं ऐकायचं असतं, म्हणून बाहेरचा आवाज अडवणारा, मागून बंद असलेला आणि एक कान सहज मागे सरकवता येणारा हेडफोन लागतो. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासूनचा नमुना अजून टिकून आहे, कारण तो हलका आहे, त्याची एक वाटी फिरते आणि वायर, गाद्या, पट्टी असे सगळे भाग सुटे मिळतात. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्सही चांगला आहे, पण तो डोक्यावर मोठा बसतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला अजिबात चालत नाही. १२८ बीपीएमला एक बीट ४६९ मिलिसेकंदांची असते आणि साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहून उशिरा पोहोचतो. बीटचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेतच गेला तर जुळवायचं कशाशी? ब्लूटूथवर जोडलेल्या स्पीकरलाही हेच लागू पडतं.

मग स्पीकर. घरासाठी पाच इंची वूफरचे दोन मॉनिटर पुरेसे असतात. यामाहा एचएस५, केआरके रॉकिट ५, जेबीएल ३०५पी ही त्यातली रुळलेली नावं. पार्टी स्पीकर बेस फुगवून सांगतो. मॉनिटर जे आहे ते सांगतो, आणि सुरुवातीला ते अनेकांना आवडत नाही. गाणं कोरडं वाटतं, आपले मिक्स उघडे पडतात. तसं ते पडायलाच हवेत. बेस एकमेकांवर चढलेला पार्टी स्पीकरवर कळत नाही, कारण तिथे कायमच सगळा बेस चढलेला असतो. मॉनिटरवर दोन किक एकत्र आल्या की आवाज गढूळ होतो, आणि एका चॅनलचा लो खाली आणल्याबरोबर तो निवळतो. ईक्यूची बटणं कशासाठी आहेत हे त्या क्षणी कळतं.

इथे खोलीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण स्पीकर घेताना खोलीचा विचार फारच कमी जण करतात. आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम बहुतेकदा दहा बाय बारा फुटांच्या आसपास असते. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर असेल तर त्या अंतरात ५६ हर्ट्झची लाट अडकून राहते. बारा फुटांच्या बाजूला तोच आकडा ४७ हर्ट्झ होतो, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर उभ्या दिशेला ५९ च्या जवळ. हाऊस आणि टेक्नोच्या किकचा मुख्य सूर साधारण ५० ते ६० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे आपली खोली नेमका किकचाच आवाज बिघडवते. अडकलेली लाट भिंतीजवळ मोठी ऐकू येते आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीशी होते. करून पाहायला सोपं आहे: किक असलेलं गाणं लावायचं, खोलीच्या मध्यावर उभं राहायचं आणि मग पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे जायचं. त्या चार-पाच पावलांत बेस बदलत जातो. गाणं तेच असतं आणि स्पीकरही तेच असतात.

म्हणून या आकाराच्या खोलीत सबवूफर घेऊ नये असं मी ठामपणे म्हणेन. जे आधीच बिघडलेलं आहे ते सबवूफर आणखी मोठं करतो, आणि वर खालच्या मजल्यावरच्या लोकांची झोप घालवतो. त्यापेक्षा टेबल हलवून बघावं. उभं राहण्याची जागा खोलीच्या बरोबर मधोमध येऊ देऊ नये आणि भिंतीला चिकटूनही ठेवू नये. लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बरं पडतं. दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीवर हवेत, आणि ते दोन स्पीकर व आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. कंट्रोलर आणि स्पीकर एकाच टेबलावर असतील तर स्पीकरखाली फोमची जाड पट्टी घालावी. भरलेलं पुस्तकांचं कपाट, गादी, जाड पडदे, भिंतीवर टांगलेली गोधडी यांनी मधला आणि वरचा आवाज चांगलाच आवरतो. बेस मात्र गोधडीला दाद देत नाही. किक आणि बेसलाइनचे निर्णय म्हणूनच शेवटी हेडफोनवर तपासून घ्यावेत.

वायरींकडे वळू. लहान कंट्रोलरच्या मागे आरसीएची लाल-पांढरी जोडी असते आणि मॉनिटरला पी-३८ किंवा एक्सएलआर लागतो. दोन-तीन मीटरपर्यंत एका टोकाला आरसीए आणि दुसऱ्या टोकाला मोनो पी-३८ असलेली चांगली वायर काम देते. महाग वायरीने आवाज सुधारत नाही, पण ढिल्या पिनेची स्वस्त वायर ऐन वेळी दगा देते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या साऊंडवाल्याकडून हव्या त्या लांबीची, नीट डाग दिलेली वायर करून घेता येते. माझ्या मते तीच सगळ्यांत टिकाऊ.

स्पीकरमधून सतत बारीक 'हम्म' येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. आवाज गेला तर गडबड अर्थिंगमध्ये आहे. लॅपटॉप एका बोर्डवर आणि स्पीकर दुसऱ्या बोर्डवर असतील तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर आणावेत. तरीही गेला नाही तर आरसीएच्या मार्गात छोटा ग्राउंड आयसोलेटर बसतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय काही जण सुचवतात. तो जिवावर बेतू शकतो, तो कधीच करू नये. घरात अर्थिंगच नसेल तर कंट्रोलर घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

याच मार्गावर आणखी एक गोष्ट आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. ती म्हणजे गेन. चॅनलच्या मीटरवर हिरवे दिवे लागतात, मग केशरी, मग लाल. डिजिटल यंत्रात लाल दिवा लागला म्हणजे लाटेचं टोक कापलं गेलं, आणि कापलेलं टोक नंतर कुठल्याही बटणाने परत येत नाही. प्रत्येक गाणं आत आणण्याआधी हेडफोनवर ऐकताना त्याचा ट्रिम, म्हणजे चॅनलच्या गेनचं बटण, असा ठेवावा की सगळ्यांत मोठ्या जागी केशरी दिवा नुसता लागून जाईल. सत्तरच्या दशकातलं गाणं आणि परवा आलेलं गाणं यांच्या आवाजात मोठी तफावत असते. जुन्याला ट्रिम बराच वर न्यावा लागतो, नव्याला खाली. स्पीकरचा आवाज एकदा ठरवला की त्याला हात लावायचा नाही, जे काही करायचं ते ट्रिम आणि फेडरवर. ही सवय घरी लागली तर उद्या मोठ्या सिस्टिमवर साऊंडवाल्याला तुम्हाला टोकण्याची वेळच येणार नाही.

आवाज किती ठेवायचा हाही सेटअपचाच भाग आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खासगी जागेतल्या साऊंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींमुळे महाराष्ट्रात डीजे म्हटलं की आधीच शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून घरी सराव करणाऱ्याने जास्तच सांभाळून राहावं. रात्रीचा सराव हेडफोनवर करावा. तिथेही कानाला मर्यादा आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या निकषानुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९४ डेसिबलला फक्त एक तास उरतो. सरावानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता, याबद्दल शंका नको. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि या कामात तिच्यापेक्षा महाग असं दुसरं काहीही नाही.

गाण्यांचा साठा हा माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित भाग. यंत्रावर चाळीस-पन्नास हजार घालणारे गाणी मात्र यूट्यूबवरून उतरवून घेतात. त्या आवाजाला '३२० केबीपीएस' असं लेबल चिकटवून एमपी३ केली तरी गेलेला भाग परत येत नाही. स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर गाण्याचा वर्णपट चित्रात दाखवतं. १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण १६ हजार हर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी थांबते, खरी ३२० ची जवळजवळ २० हजारापर्यंत जाते. आपल्या साठ्यातली आवडती गाणी एका संध्याकाळी अशी तपासून बघावीत. लॅपटॉपच्या स्पीकरवर फरक कळत नाही. चांगल्या मॉनिटरवर झांजा आणि टाळ्यांची धार बोथट झालेली लगेच कळते, आणि हॉलमधल्या मोठ्या सिस्टिमवर तर ते गाणं शेजारच्या गाण्यापुढे मळकट वाटतं. इलेक्ट्रॉनिक संगीत बँडकॅम्प किंवा बीटपोर्टवर विकत मिळतं. घरात जुन्या मराठी-हिंदी सीडी असतील तर त्या सोनं आहेत. सीडीचा आवाज १४११ केबीपीएसचा असतो, मिनिटाला साधारण दहा एमबी, आणि त्यावरून एफएलएसी किंवा एआयएफएफ करून ठेवता येतं.

स्ट्रीमिंगवर पूर्ण भिस्त ठेवू नये. २०२० च्या जुलैपासून स्पॉटिफायने डीजे सॉफ्टवेअरमधली आपली सेवा काढून घेतली तेव्हा ज्यांच्या याद्या तिथेच होत्या त्यांचे सेट एका दिवसात रिकामे झाले. २०२५ मध्ये ती काही सॉफ्टवेअरमध्ये परत आली. उद्या काय होईल ते त्या कंपन्या ठरवतील. नवी गाणी चाखून बघायला स्ट्रीमिंग उत्तम, पण वाजवायचं ते आपल्या डिस्कवर असावं, आणि त्या डिस्कची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असावी.

मराठी गाणी वाजवणाऱ्यापुढे एक वेगळीच अडचण येते. सॉफ्टवेअर गाणं वाचून त्यावर बीटची जाळी टाकतं आणि ताल चार मात्रांचा व सारख्या गतीचा आहे असं धरून चालतं. जुनी लावणी ढोलकी-हलगीवर माणसांनी वाजवलेली असते. कडव्याला गती एक असते, तोड्याला चढते, मुखड्यावर परत खाली येते. जाळी पहिल्या कडव्यापर्यंत बसते आणि मग हळूहळू सरकत जाते. सिंकचं बटण दाबलं तर सॉफ्टवेअर चुकीच्या जाळीशी इमानदारीने जुळवतं आणि ऐकायला दोन घोडे धावल्यासारखं लागतं. अनेक कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीची असतात. तिथे बीपीएमचा आकडाच चुकीचा येतो आणि चार बीटचा लूप मध्येच कुठेतरी तुटतो. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये गाणं वाचताना डायनॅमिक हा पर्याय निवडला तर बदलत्या गतीची जाळी टाकता येते, सेराटोत जागोजागी हाताने खुणा देता येतात. लावणीच्या एका गाण्याला अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास सत्कारणी लागतो. आणि इतकं करूनही शेवटी जुळवायचं हातानेच असतं.

म्हणजे गोष्ट हातापर्यंत आली. कंट्रोलरच्या बाबतीत खरी मर्यादा कुठे असते ते पिच फेडरवर सगळ्यांत स्पष्ट दिसतं. समजा लहान कंट्रोलरचा फेडर सहा सेंटिमीटरचा आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये पट्टा ±१६ टक्क्यांवर आहे. म्हणजे साठ मिलिमीटरमध्ये बत्तीस टक्के. १२८ बीपीएमच्या गाण्यात बोट एक मिलिमीटर सरकलं की गती ०.६८ बीपीएमने बदलते. बोट अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी वीस सेकंदांत दोन किक पन्नास मिलिसेकंदांनी फाकतात आणि कानाला 'धड' ऐवजी 'ध-धड' ऐकू येतं. आता तोच पट्टा ±६ टक्क्यांवर आणला तर एका मिलिमीटरला ०.२६ बीपीएम पडतात. घसरण जवळजवळ तिपटीने मंदावली आणि खर्च शून्य. ज्यांना आपल्याला बीट जुळवता येत नाही असं वाटतं त्यांनी आधी हा पट्टा बघावा. टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलचा फेडर दहा सेंटिमीटरचा आणि ±८ टक्क्यांचा असतो, म्हणजे मिलिमीटरला ०.२ बीपीएम. १९७९ च्या एमके२ मध्ये ठरलेलं हे माप इतकी वर्षं टिकलं त्यामागे हे गणित आहे.

जॉग व्हीलचंही तसंच. लहान चाकावर हलकंसं ढकलून गाणं पुढे-मागे करता येतं, पण स्क्रॅच करताना मनगटाला जागा पुरत नाही. पॅडचं म्हणाल तर आठ पॅड क्वचितच कुणाला कमी पडतात. चार चॅनल लागतात ते ॲकापेला, ड्रम लूप आणि दोन गाणी एकत्र चालवणाऱ्याला, आणि असा वादक ते मागण्याआधी दोन चॅनलवर बरंच काही करून दाखवतो. गाण्यातला गायकाचा आवाज वेगळा काढणारी स्टेम्सची सोय २०२२ मध्ये सेराटोत आल्यापासून तर चौथ्या चॅनलची निकड आणखी कमी झाली आहे. स्टेम्स लॅपटॉपला मात्र चांगलंच कामाला लावतात. लॅपटॉपबद्दल एवढंच: एसएसडी हवी, १६ जीबी मेमरी असेल तर बरी, वाजवताना वायफाय आणि अपडेट बंद, कंट्रोलरची वायर हबमधून न नेता थेट लॅपटॉपला.

मोठं यंत्र कोणतं, हे कुठे वाजवायचं आहे त्यावरून ठरतं. लग्न, हळद, संगीत, गणेशोत्सवातले सोसायटीचे कार्यक्रम ही दिशा असेल तर कंट्रोलरची मागची बाजू आधी बघावी. एक्सएलआर मास्टर आऊट, आपल्या जवळच्या स्पीकरसाठी वेगळा बूथ आऊट, आणि दोन माइकची सोय. निवेदक, नवरीची मावशी आणि केटरर या तिघांना माइक हवा असतो, आणि तो कुरकुरला तर दोष डीजेच्या माथी येतो. डीडीजे-१००० किंवा एफएलएक्स१० या वर्गात मास्टरला एक्सएलआर मिळतो आणि बूथचा आवाज वेगळा ठेवता येतो. २०२० मध्ये पायोनियर डीजे कंपनीचं नाव अल्फाथीटा झालं आणि २०२४ पासूनची नवी यंत्रं त्या नावाने येतात, तेव्हा दुकानात दोन नावं दिसली तर घराणं एकच आहे असं समजावं.

क्लबमध्ये वाजवायचं असेल तर चित्र वेगळं आहे. तिथे बहुतेक ठिकाणी पायोनियरचे सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सर ठेवलेले असतात. पेन ड्राइव्ह आणि हेडफोन घेऊन जायचं असतं. सीडीजे-३००० ची जोडी आणि मिक्सर घरी घ्यायला कित्येक लाख लागतात आणि शिकणाऱ्याला त्याची गरज नाही. रेकॉर्डबॉक्समध्ये गाणी वाचून, हॉट क्यू लावून, याद्या करून एफएटी३२ पेन ड्राइव्हवर उतरवणं ही त्याची खरी तयारी आहे, आणि ती डीडीजे-४०० वर पूर्ण होते. प्ले-क्यूची बटणं, फेडर, ईक्यू यांची मांडणी लहान कंट्रोलरवर मुद्दामच सीडीजे-डीजेएमसारखी ठेवलेली असते. लॅपटॉप मध्ये नकोच असेल तर एक्सडीजे-आरएक्स३ किंवा डेनॉनचा प्राइम ४ अशी स्वतंत्र चालणारी यंत्रं आहेत. लॅपटॉप समोरून गेला की डोळे लाटांच्या चित्रावरून उठतात, हा फायदा मला मोठा वाटतो. पण तो आजही मिळवता येतो: पडदा नव्वद अंशांत वळवून ठेवायचा आणि आकड्यांशिवाय जुळवायचं. डीजे शिकवणाऱ्या काही संस्थांत सीडीजेवर तासाच्या हिशेबाने सराव करता येतो. पहिल्या क्लबच्या रात्रीआधी तसे चार तास जरूर घ्यावेत.

स्क्रॅच हेच वेड असेल तर सरळ टर्नटेबल. डायरेक्ट ड्राइव्हच हवा, कारण बेल्टवर चालणारा टर्नटेबल हाताखाली दमतो. टेक्निक्सने २०१० मध्ये एसएल-१२०० थांबवला, २०१६ मध्ये तो महागड्या रूपात परत आणला आणि डीजेंसाठी एमके७ २०१९ मध्ये आला. रीलूपची यंत्रं त्याहून स्वस्त आहेत आणि तितकीच मजबूत नसली तरी कामाची आहेत. रेकॉर्डचा, सुईचा, डिजिटल गाणी टर्नटेबलवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च वेगळा. हा मार्ग सर्वांत महाग आहे आणि सर्वांत सुंदरही. पण तो हौसेखातर धरावा, 'खरा डीजे टर्नटेबलवरच वाजवतो' या दबावाने धरू नये.

जुनी यंत्रं विकत घेणं आपल्याकडे शहाणपणाचं आहे, कारण हौस ओसरलेले बरेच जण वर्षभरात कंट्रोलर विकतात. बघायला जाताना आपला लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन जावं आणि निदान अर्धा तास वाजवावं. प्रत्येक फेडर अगदी हळू वरपासून खालपर्यंत न्यावा. मध्ये खरखर आली किंवा आवाज उडी मारून बदलला तर आत धूळ किंवा झीज आहे. पिच फेडर मध्यावर ठेवून पडद्यावर शून्य येतं का ते बघावं आणि हात न लावता आकडा थरथरतो का तेही. वायर जोडलेली असताना यूएसबीची पिन हलकेच हलवावी. त्या क्षणी यंत्र बंद पडलं तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्यावं. क्रॉसफेडर बदलता येतो, पॅड बदलता येतात, पण फाटलेलं यूएसबी पोर्ट दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक गावात नसतो. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते विचारून घ्यावं. फक्त १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावलं की ते जळतं. कस्टम ड्युटी आणि हमी या दोन्हींचा हिशेब करून इथेच घेतलेलं बहुधा परवडतं.

पन्नास हजार हाताशी असतील तर मी निम्म्याहून थोडे अधिक मॉनिटरवर घालेन, साधारण पाव भाग हेडफोनवर, आणि उरलेले वायरी, स्पीकरखालचा फोम, एक्सटर्नल डिस्क आणि विकत घेतलेली गाणी यांवर. कंट्रोलरला त्या वर्षी हात लावणार नाही. दहाच हजार असतील तर हेडफोन घेईन आणि उरलेल्यात गाणी. वर्षभर असं काढल्यावर पुन्हा एक तासाचा सेट रेकॉर्ड करून यादी काढावी. तिच्यात 'माइकला जागा नाही', 'बूथचा आवाज वेगळा होत नाही', 'मनगट अडतं' अशा गोष्टी यायला लागल्या की मोठ्या यंत्राची वेळ झाली. तेव्हाही जुना कंट्रोलर विकू नये. त्याचे येऊन येऊन थोडेच पैसे येतात, आणि कार्यक्रमाच्या रात्री नवं यंत्र रुसलं तर स्वतःच्या वायरीसकट बॅगेत असलेला, महिन्यातून एकदा लावून पाहिलेला तो लहानसा कंट्रोलर पाच मिनिटांत गाणं परत सुरू करून देतो.